दारूला घाई किती?

ही फीत धरा. घट्ट नको, दोन बोटांच्या चिमटीत. सरकली तर सरकू द्या. समोर तिकाटण्याला लाकडाचा जाड ठोकळा टांगलाय आणि फितीचं दुसरं टोक त्याच्या बुडाशी अडकवलंय. साल १७४२ च्या आगेमागे, देश इंग्लंड. ठोकळ्यावर नेम धरून एक बंदूक रोवून ठेवली आहे. चकमक पडते, कानठळ्या बसतात, पांढऱ्या धुराचा लोट अंगावर येतो आणि कुजक्या अंड्याचा वास नाकात घर करतो. धूर विरल्यावर दिसतं ते असं: गोळी ठोकळ्यात रुतली आहे, ठोकळा मागे-पुढे झुलतोय आणि तुमच्या चिमटीतून फीत काही इंच निसटली आहे.

ते इंच बेंजामिन रॉबिन्स नावाचा गणिती मोजून घेतो. ठोकळ्याचं वजन त्याला ठाऊक आहे, गोळीचंही. झोका किती गेला ते फितीनं सांगितलं. त्यावरून गोळीचा वेग निघतो: सेकंदाला १,६०० ते १,७०० फूट. हवेचा अडथळा ही किरकोळ बाब आहे असं धरून चाललेल्या तोफखान्याच्या पुस्तकांतली कितीतरी पानं या फितीनं एका दुपारी रद्दीत काढली.

तुम्ही मात्र गोळीसाठी आलेले नाही, तिच्या मागच्या दारूसाठी आला आहात. रॉबिन्सच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. गोळी जागची हलायच्या आत सगळी दारू जळून तिचा वायू झालेला असतो, असं तो मानतो. म्हणजे दारूला जळायला वेळ असा लागतच नाही. सोरा, गंधक आणि कोळशाच्या बारीक दाण्यांपुरतं, अरुंद नळीच्या बंदुकीत, हे मानणं त्याला फारसं दगा देत नाही. तोफा मोठ्या होऊ लागेपर्यंत ते खपून जाणार आहे. त्याच्याशी वाद घालायला थांबू नका. हा माणूस पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता होऊन हिंदुस्थानात येईल आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यावर मरेल. तिथेही आपण जाणार नाही. आपल्याला पिट्सबर्गला पोचायचंय.

साल १८६०. फोर्ट पिट फाउंड्रीत १५ इंच तोंडाच्या तोफेचं काम चाललंय. भट्टीच्या धगीनं तुमच्या कपाळावरचा घाम लगेच वाळतो. सोळा वर्षांपूर्वी, २८ फेब्रुवारी १८४४ ला, प्रिन्स्टन या युद्धनौकेवर 'पीसमेकर' नावाची तोफ बड्या पाहुण्यांसमोर उडवून दाखवताना फुटली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री आणि नौदलमंत्री दोघेही त्यात गेले. राष्ट्राध्यक्ष टायलर त्या क्षणी जहाजाच्या खालच्या मजल्यावर होते म्हणून बचावले. तेव्हापासून थॉमस रॉडमन हा लष्करी अधिकारी मोठ्या तोफा का फुटतात याचा माग काढतोय. लोखंड कसं ओतावं, कुठून थंड करावं, यावर त्यानं वर्षं घालवली. पण त्याचं खरं शहाणपण असं, की तो लोखंडापाशी थांबला नाही. त्यानं दारूलाही जाब विचारला.

तुमच्या हातात आता फितीऐवजी तांब्याची चकती आहे. तोफेच्या भिंतीला आरपार भोक पाडून त्यात दट्ट्या बसवलाय. दट्ट्याच्या टोकाला पोलादाचं धारदार पातं, आणि पात्यासमोर ही चकती. आत दाब वाढला की पातं तांब्यात घुसणार. खाच जितकी लांब, तितका दाब जास्त. दोन बार होतात. गोळा तोच, दारूचं वजन तेच. फक्त पहिल्या वेळी दारूचे दाणे बारीक होते आणि दुसऱ्या वेळी अर्ध्या इंचाहून मोठे. दोन्ही चकत्या शेजारी ठेवून भिंग लावा. दुसरीवरची खाच कितीतरी आखूड आहे. आणि गोळ्याचा वेग? जवळपास सारखाच.

घरच्या चुलीचं उदाहरण इथे पुरेल. एकाच वजनाच्या ढलप्या आणि ओंडका यांत ढलप्या भडकून संपतात आणि ओंडका रात्रभर पुरतो, कारण आग बाहेरून आत जाते आणि ढलप्यांना 'बाहेर' जास्त असतं. दारूचा दाणाही असाच वरून आत, थरामागून थर जळतो. फ्रान्समध्ये गियोम प्योबेर यांनी हे १८३९ मध्येच सांगून ठेवलं होतं. बारीक दाण्यांची दारू सगळी एकदम भडकते, दाब सुरुवातीलाच शिगेला पोचतो, आणि गोळा नळीत पुढे सरकू लागेतो जोर ओसरलेला असतो. मोठा दाणा हप्त्याहप्त्यानं वायू देतो.

रॉडमनच्या डोक्यात मात्र याच्याही पुढचं आहे. तो तुम्हाला दारूची एक दाबून केलेली वडी दाखवतो, तिला आरपार भोकं आहेत. का, ते नीट समजून घ्या, कारण पुढची शंभर वर्षं हीच युक्ती वेगवेगळ्या वेषांत भेटणार आहे. गोळा पुढे जातो तशी त्याच्या मागची जागा वाढते. दाब टिकवायचा तर वायूचा पुरवठाही वाढत गेला पाहिजे. साधा दाणा याच्या उलट वागतो. जळता जळता तो लहान होतो, त्याचा पृष्ठभाग घटतो, पुरवठा आटतो. भोकं असलेल्या दाण्याचं बाहेरचं अंग आक्रसतं, पण आतली भोकं रुंदावतात. एकीकडे तोटा, दुसरीकडे भरपाई. भोकं पुरेशी असतील तर वर नफा. प्रशिया आणि रशियानं ही भोकांची दारू आपल्या मोठ्या तोफांसाठी उचलली.

सोरा-गंधक-कोळशाच्या या काळ्या दारूची एक खोड मात्र भोकं पाडून जाणारी नव्हती. १८७५ मध्ये अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघांनी बंद पोलादी भांड्यात ती जाळून आत काय उरतं ते तोललं. वजनानं सुमारे ४३ टक्के वायू. उरलेले ५७ टक्के घन. म्हणजे निम्म्याहून जास्त दारू गोळीला ढकलण्याच्या कामी येतच नाही, ती धूर होऊन शिपायाच्या डोळ्यांपुढे उभी राहते नाहीतर काजळी होऊन नळीत बसते. रणांगणावर पहिल्या चार फैरींनंतर सेनापतींना काही दिसत नसे ते यामुळे.

आता पॅरिस, १८८४. सीनच्या काठी सरकारी दारू-प्रयोगशाळा आहे. दार उघडताच इथरचा गोडसर, डोकं जड करणारा वास येतो. सिगारेट खिशातच राहू द्या. पॉल व्हिएय वयाच्या तिशीत आहे, आणि ज्या पदार्थानं अडतीस वर्षं युरोपभर माणसं आणि कारखाने उडवले त्याला वठणीवर आणायचं काम त्याच्याकडे आहे. तो पदार्थ म्हणजे बंदुकी कापूस. १८४६ मध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं साध्या कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून तो केला. पुढच्याच वर्षी जुलैत इंग्लंडमधला फॅव्हरशॅमचा कारखाना त्यानं जमीनदोस्त केला. धूर जवळपास नाही, राख नाही, ताकद काळ्या दारूच्या कितीतरी पट. पण बंदुकीत घालावा तर नळीच फोडतो.

असं का, हे विचारायला व्हिएयकडे एक साधन आहे आणि त्यातलं एक काम तुमच्याकडे आलंय. दिव्याच्या ज्योतीवर कागद धरून त्याला काजळी चढवा. एकसारखी हवी, कुठे जाड कुठे पातळ चालणार नाही. हा कागद एका फिरत्या पिंपावर गुंडाळायचा. शेजारी जाड पोलादाचं बंद भांडं आहे. आत दारू पेटली की दाबानं दट्ट्या सरकतो, तांब्याचा छोटा दंडगोल चेपतो, आणि दट्ट्याला जोडलेली सुई काजळीवर पांढरी रेघ ओढत जाते. रॉडमनच्या चकतीवर फक्त जास्तीत जास्त दाब उमटत होता. इथे दाब कधी, किती वेळात वाढला तेही उमटणार आहे. माझ्या मते दारूशास्त्राची खरी सुरुवात या काजळीच्या कागदापासून धरावी. आधीचं सगळं नुसता आवाज ऐकून केलेले तर्क.

पहिला कागद: मोकळा, पिंजलेला बंदुकी कापूस. रेघ जवळजवळ उभीच चढली. कापूस तंतूंचा, सच्छिद्र. गरम वायू तंतूतंतूंत घुसतो आणि आतलं-बाहेरचं असं काही उरत नाही, सगळं एकदमच पेटतं. दाबून घट्ट केला तरी छिद्रं काही पूर्ण मिटत नाहीत. मग व्हिएय तो कापूस इथर आणि अल्कोहोलमध्ये कालवतो. तंतू विरघळतात, पिवळट चिकट लगदा होतो. तो रुळांखालून काढून पातळ पत्रे करायचे, पत्र्यांचे बारीक चौकोनी तुकडे कापायचे, वाळवायचे. एक तुकडा हातात घ्या. शिंगासारखा कडक, अर्धवट पारदर्शक. त्याला छिद्र असं नाहीच.

दुसरा कागद: हे तुकडे. रेघ उतार घेऊन चढली. तिसरा कागद: दुप्पट जाडीच्या पत्र्याचे तुकडे. चढायला लागलेला वेळही दुप्पट. पुन्हा पाहा, कागद बदलून पाहा. प्योबेरनं सांगितलेला थरांचा नियम काळ्या दारूनं कधी पाळला, कधी मोडला. या नव्या पदार्थानं तो तंतोतंत पाळला. आता दारू किती वेगानं जळावी हे कारागिराच्या हाती आलं. रूळ किती जवळ आणायचे, एवढंच ठरवायचं.

पण त्याच कागदांत दुसरी गोष्ट दडलेली आहे आणि ती जास्त महत्त्वाची. यातला एक तुकडा बाहेर अंगणात, उघड्यावर पेटवून बघा. पिवळी ज्योत होऊन तो निवांत जळतो. बार नाही, धमाका नाही. तोच तुकडा बंद भांड्यात क्षणाच्या बारीकशा भागात संपतो. व्हिएयनं १८९३ मध्ये याचा नियम मांडला: आगीचा थर आत जाण्याचा वेग दाबाच्या एका घातावर अवलंबून असतो. बंदुकीतल्या दाबांना या दारूचा तो घातांक १ च्या थोडाच अलीकडे असतो. म्हणजे दाब दुप्पट झाला की वेगही जवळपास दुप्पट. आणि वेग वाढला की वायू जास्त, वायू जास्त म्हणून दाब जास्त, दाब जास्त म्हणून वेग आणखी जास्त. गोळी पुढे पळून जागा मोकळी करते म्हणूनच हे चक्र आवाक्यात राहतं. गोळी जड असली, नळीत आवळून बसलेली असली, काडतुसाच्या पोटात मोकळी जागा कमी असली, तर तीच दारू जास्त वेगानं जळते. 'या दारूचा ज्वलनवेग किती?' या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर त्या दिवसापासून राहिलेलं नाही.

फ्रान्सला मात्र उत्तराची नव्हे, रायफलीची घाई होती. युद्धमंत्री जनरल बुलांजे यांनी १८८६ मध्ये कारखान्यांना पळवलं आणि या दारूवर चालणारी ८ मिलिमीटरची लबेल रायफल सैन्यात आली. आधीच्या ११ मिलिमीटरच्या ग्रा रायफलीची गोळी सेकंदाला ४५० मीटर जायची, लबेलची ६०० च्या वर. आणि धूर नाही. युरोपातली बाकी सगळी सैन्यं एका रात्रीत जुनी झाली.

या दारूचा आणखी एक ज्वलनवेग होता, ज्याच्याकडे पॅरिसमध्ये पुरेसं लक्ष गेलं नव्हतं: कोठारात पडल्या पडल्या होणारा. बंदुकी कापूस सावकाश, न पेटताही विघटित होत राहतो, उष्णता सोडतो, आणि साठा मोठा असला तर कधीतरी आपोआप पेटतो. १२ मार्च १९०७ ला तुलाँच्या गोदीत येना ही युद्धनौका अशीच उडाली, शंभराहून जास्त माणसं गेली. २५ सप्टेंबर १९११ ला त्याच बंदरात लिबर्ते. डायफेनिलअमाइन नावाचं रसायन थोडंसं मिसळलं की हे विघटन आटोक्यात राहतं. आजही बिनधुराच्या दारूत ते घालतात.

इंग्रजांनी वेगळी वाट धरली होती. १८८९ मध्ये एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी बंदुकी कापसात नायट्रोग्लिसरीन आणि थोडं व्हॅसलीन मळून कणीक केली आणि ती साच्यातून दाबून दोऱ्या काढल्या. हीच कॉर्डाइट. आल्फ्रेड नोबेलनं दोन वर्षं आधी केलेल्या बॅलिस्टाइटशी तिचं फार जवळचं नातं होतं; नोबेलनं कोर्टात दाद मागितली आणि तो हरला. आपल्याला ती पाहायला इंग्लंडला जायची गरज नाही. निलगिरीत, कुन्नूरच्या वाटेवर अरुवनकाडू इथे १९०३ मध्ये कॉर्डाइटचा कारखाना निघाला आहे.

डोंगरातली थंड हवा, धुकं आणि त्यात ॲसिटोनचा तिखट वास. दाबयंत्रातून मेणचट तपकिरी दोरी एकसारखी बाहेर पडतेय. साच्यावरचा आकडा वाचा: ३ पूर्णांक ३/४. भोकाचा व्यास एक इंचाच्या इतक्या शंभरांश, म्हणजे एक मिलिमीटरही नाही. ही दोरी रायफलीसाठी. मोठ्या तोफेसाठी ३० नंबरचा साचा लावतात, बोटभर नाही पण पेन्सिलीएवढी जाड दोरी येते. कणीक तीच. ज्वलनवेगाचा तक्ता इथे कुणाला लागत नाही. जाडी हाच तक्ता. मला ही पद्धत सगळ्यांत प्रामाणिक वाटते. नावावरून नाही, ठिकाणाच्या कीर्तीवरून नाही, साच्याच्या भोकावरून दारूची ओळख.

दोऱ्यांच्या पेट्यांमागोमाग खडकीला या. इथला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा आहे, आता इथे .३०३ रायफलीची काडतुसं भरतात. दारातच एक पांढऱ्या मिशीचे मुकादम तुमच्या पायांकडे बघतात.

"पाव्हणं, नाल ठोकलेलं बूट भायेर काढा. आत एक ठिणगी पडली तर तुमी बी ऱ्हायचा न्हाई न मी बी."

अनवाणी आत जा. कामगार पितळी पुंगळीत कॉर्डाइटच्या दोऱ्यांची जुडी सरकवतोय. पुंगळीला अजून मान नाही, सरळ नळकांडं आहे. मान आधी केली तर जुडी आत जाणार नाही.

"आदी पोट भरायचं, मग गळा आवळायचा," मुकादम समजावतात. "आन मग गोळी. हितं उलटं क्येलं की काम फसलं."

काडतुसात दारू आधी आणि मान नंतर हा प्रकार जगात फार कमी ठिकाणी सापडेल. घरी बसून वापरलेलं काडतूस पुन्हा भरणाऱ्याला असली दारू काही कामाची नाही. तो धंदा, किंवा छंद म्हणा, अमेरिकेत वाढला.

कारण अमेरिकेनं दोऱ्या नाही, दाणे केले. १८९८ मध्ये लॅफ्लिन अँड रँडनं पिस्तुलासाठी बुल्सआय काढली, अतिशय चपळ. ती आजही विकली जाते. ड्यूपॉन्टनं रायफलींसाठी मधे एक भोक असलेल्या बारीक नळ्या कापल्या. बाहेरून आक्रसणारी आणि आतून रुंदावणारी ती नळी, रॉडमनची वडी मिलिमीटरांत उतरलेली. शिवाय नळ्यांवर एका मंद रसायनाचा लेप, म्हणजे सुरुवातीचा थर सावकाश जळेल. त्यावर ग्रॅफाइट, म्हणजे दाणे घसरतील आणि स्थिर वीज साठणार नाही. दारू करडी-काळी दिसते ती या ग्रॅफाइटमुळे. १९३३ मध्ये वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत फ्रेड ओल्सननं तिसरा मार्ग काढला: विरघळलेला बंदुकी कापूस पाण्यात घुसळायचा, त्याचे आपोआप गोल मणी होतात. मणी करायला सोपे, स्वस्त, पाण्यात असल्यानं सुरक्षित. पण गोल मणी म्हणजे जळताना सगळ्यांत झपाट्यानं आक्रसणारा आकार. त्याचा सगळा भार लेपावर.

१९४७ च्या आसपासचं कॅन्सस. महायुद्ध संपलंय आणि सरकारकडे रायफलीच्या दारूचे डोंगर पडून आहेत. गॅसची उपकरणं विकणारा ब्रूस हॉजडन त्यातली ४८९५ क्रमांकाची ५०,००० पौंड दारू घेतो आणि कुरणात ठेवलेल्या रेल्वेच्या जुन्या डब्यात साठवतो. युद्धात गॅरंड रायफलीच्या काडतुसांत भरली गेलेली ही दारू आता पिंपानं शिकाऱ्यांना विकली जाणार आहे. मागोमाग २० मिलिमीटर तोफेच्या काडतुसांतली ४८३१ येते, फारच मंद, आणि शिकारी तिच्यावरही खूश होतात. तुम्हीही ओळीत उभे राहा. कुणी विचारलंच तर सांगा, आकड्यांवर जाऊ नका. ४१९८ ही ४८९५ पेक्षा चपळ; ४३५० ही ४८९५ पेक्षा मंद; ४८३१ त्याहून मंद; ७८२८ पुढे येईल ती आणखी मंद. चढता-उतरता कसलाच क्रम नाही. त्यात भर म्हणजे, ड्यूपॉन्टनं नंतर स्वतःची ४८३१ बाजारात आणली ती हॉजडनच्या ४८३१ पेक्षा चपळ निघाली. आकडा एक, दारू दोन, आणि एकीचं माप दुसरीला लावणाऱ्याची रायफल धोक्यात.

या गोंधळातूनच तक्ता जन्मला. सगळ्यांत चपळ दारू वर, सगळ्यांत मंद खाली, मधे शंभराहून जास्त नावं. त्यात एकक नाही. आठव्या आणि नवव्या नावांत केसाचं अंतर असू शकतं, नवव्या आणि दहाव्यात दरी. दोन प्रयोगशाळांचे तक्ते शेजारी ठेवले तर काही नावांची अदलाबदल झालेली दिसते, आणि दोन्ही प्रयोगशाळा बरोबर असतात. भांडं वेगळं, दाब वेगळा, की क्रम वेगळा.

तक्त्यावर शेजारी बसणाऱ्या दोन दारूंत केवढा फरक असू शकतो, हे पाहायचं असेल तर एम-१६ रायफलीपाशी थांबा. यूजीन स्टोनरनं ती ड्यूपॉन्टच्या ४४७५ या नळीदार दारूवर बेतली होती. अमेरिकी सैन्याला गोळीचा वेग सेकंदाला ३,२५० फूट हवा होता आणि दाबाची मर्यादाही ओलांडायची नव्हती. मोठ्या उत्पादनात ४४७५ ला दोन्ही एकत्र जमेना. १९६४ मध्ये सैन्यानं मण्यांच्या दारूला, डब्ल्यूसी ८४६ ला, मान्यता दिली. कागदावर सगळं जुळत होतं. वेग तोच, कमाल दाब मर्यादेत.

आता नळीच्या आत या. गोळीला बाहेर पडायला सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागतो. तेवढ्यात तुम्हाला दोन दाबरेषा पाहायच्यात. दोन्हींचं शिखर जवळपास सारखं. पण शिखरानंतर मण्यांची रेषा सावकाश उतरते. नळीच्या पुढच्या भागात एक बारीक भोक आहे, तिथून थोडा वायू मागे जाऊन रायफलीचं यंत्र उघडतो. गोळी त्या भोकापाशी येते तेव्हा मण्यांच्या दारूचा दाब नळ्यांच्या दारूपेक्षा जास्त असतो. यंत्र अपेक्षेपेक्षा जोरात, लवकर मागे जातं; पितळी पुंगळी अजून नळीच्या भिंतीला फुगून चिकटलेली असतानाच तिला ओढलं जातं. मिनिटाला ८५० फैरींची मर्यादा ओलांडली जाते, सुटे भाग तुटतात. त्यात या दारूत आम्ल मारण्यासाठी घातलेला खडू, त्याची राख वायूच्या नळीत साचते.

व्हिएतनाममध्ये पुंगळी आत अडकलेल्या रायफली हातात घेऊन सैनिक मेले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेची इकॉर्ड उपसमिती बसली. तिच्यासमोर आलेली एक गोष्ट वाचून अजूनही संताप येतो: मण्यांच्या दारूवर रायफली चाचणीत नापास होत होत्या, म्हणून कारखान्याला चाचणी जुन्या दारूवर घ्यायची मुभा देण्यात आली, आणि सैनिकांच्या हाती मात्र नव्या दारूची काडतुसं जात राहिली. दोष एकट्या दारूचा नव्हता. नळीच्या आत क्रोमचा मुलामा नव्हता, साफसफाईचं सामान पुरेसं दिलं नव्हतं. पुढे मुलामा आला, यंत्राचा वेग आवरणारा नवा बफर आला, दारूतला खडू कमी केला गेला. मण्यांची दारू राहिली. ती वाईट नव्हतीच. तिला न विचारता तिच्यासाठी न बेतलेल्या रायफलीत घातली होती.

शेवटी आजच्या पुण्यात, सुतारवाडीला. तिथल्या एचईएमआरएलसारख्या, दारू आणि स्फोटकांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांत व्हिएयचं बंद भांडं अजून आहे. काजळीच्या कागदाऐवजी दाबानं वीज देणारा स्फटिक आणि संगणक. जगभर अशा चाचणीची रीत अशी, की नव्या लॉटची दारू एकटी जाळून निकाल देत नाहीत. आधीचा एक प्रमाण लॉट जपून ठेवलेला असतो. तो आणि नवा, दोन्ही त्याच भांड्यात, सारख्याच तपमानाला जाळतात आणि नवा त्याच्या किती टक्के चपळ आहे ते लिहितात. एवढी यंत्रं हाताशी असूनही निकाल तुलनेतच येतो, आणि तोही त्या भांड्यापुरता.

तुम्ही परदेशात राहत असाल, परवाना असेल आणि घरी काडतुसं भरत असाल, तर ज्वलनवेगाचा तक्ता दुकानात कोणत्या डब्याकडे हात न्यायचा हे ठरवण्यापुरता वापरा. एका दारूचं माप शेजारच्या नावाला कधीही लावू नका. माप घ्यायचं ते त्याच दारूसाठी, त्याच वजनाच्या गोळीसाठी, दारू बनवणाऱ्यानं छापलेल्या चालू पुस्तिकेतून. आणि नव्या डब्यावरचा लॉट क्रमांक वेगळा दिसला, तर पुस्तिकेतल्या सुरुवातीच्या, सर्वांत कमी मापापासून पुन्हा चढत या.